रेंज फुल, तरी व्हिडिओ का अडकतो?

नेट रखडलं की आपण आधी रेंज बघतो. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसल्या की ठपका कंपनीवर. पण राउटरचा सिग्नल तुमच्यापर्यंत नीट पोचतोय, एवढंच त्या रेघा सांगतात. त्याच चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या त्याच रेडिओ-पट्ट्यावर, आणखी किती जण ताटकळलेत, ते त्यांत दिसत नाही.

एका चॅनेलवर दोन उपकरणं एकदम बोलली की सहसा दोघांचंही बोलणं वाया जातं. शिवाय बोलताना रेडिओला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, स्वतःच्याच सिग्नलमध्ये ते बुडून जातं. टक्कर झाल्याचा अंदाज येतो तो समोरून पोच आली नाही म्हणून. १९७१ साली सुरू झालेल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठाच्या अलोहानेट या रेडिओ-नेटवर्कमध्ये वाटेल तेव्हा बोलायची मुभा होती. त्या पद्धतीत चॅनेलचा जेमतेम १८ टक्के वेळ सत्कारणी लागू शकतो.

वायफाय आधी कानोसा घेतं. चॅनेल मोकळा झाला की प्रत्येक उपकरण ० ते १५ मधला एक आकडा मनात धरतं आणि दर ९ मायक्रोसेकंदांना एक याप्रमाणे उलटा मोजतं. शून्यावर जो आधी पोचला तो बोलतो. बाकीच्यांची मोजणी तिथेच थांबते आणि पुढच्या खेपेला उरलेल्या आकड्यापासून सुरू होते. टक्कर झालीच तर आकड्याची वरची मर्यादा १५ ऐवजी ३१, मग ६३, असं करत १०२३ पर्यंत. वर कोणी मुकादम नाही, तरी सगळं चालतं! मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

गोम पुढे आहे. यात समान वाटली जाते ती पाळी, वेळ नव्हे. १५०० बाइटचं पाकीट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने २२२ मायक्रोसेकंदांत जातं, तर लांबच्या खोलीतल्या, ६ मेगाबिटवर आलेल्या फोनला त्यालाच २००० लागतात. असे दोघे आळीपाळीने बोलले, तर मधला किरकोळ वेळ सोडूनही प्रत्येकाच्या वाट्याला ५.४ मेगाबिट येतात. दोघेही वेगवान असते तर २७ आले असते. म्हणून आता काही राउटर पाळ्यांऐवजी वेळ मोजतात.

वायफायच्या २००५ च्या ८०२.११ई या मानकाने कॉलच्या आवाजाला ० ते ३ आणि व्हिडिओला ० ते ७ एवढाच पल्ला दिला, म्हणजे त्यांचा नंबर लवकर लागतो. मात्र चारच आकड्यांत दहा कॉल कोंबले की टकरा अटळ. आणि अडचण हवेतल्या गर्दीची असेल, तर महागडा प्लॅन घेऊनही तिथे काडीचा फरक पडत नाही.