सीडी वाचत नाही म्हणजे फाइल गेली असं नाही

पुण्यात दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून लग्नाच्या, मुंजीच्या सीडी खाली येतात. कॉम्प्युटरमध्ये घातल्या की ड्राइव्ह घरघरतो, अडकतो आणि डिस्क वाचता येत नाही असं सांगून मोकळा होतो. मग घरातलं कुणीतरी ओरखडे घासायला टूथपेस्ट घेऊन येतं. कृपा करून ती आधी बाजूला ठेवा.

सीडी 1.2 मिलिमीटर जाडीची. आपल्याला वाटतं, खालच्या चकचकीत बाजूवर माहिती असते. प्रत्यक्षात ती पार वर, लेबलच्या लगेच खाली असते. लेसर खालून आत शिरतो तेव्हा त्याचा झोत साधारण 0.8 मिलिमीटर रुंद असतो आणि माहितीच्या थरापर्यंत पोचेस्तोवर तो जेमतेम 1.7 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतो. त्यामुळे खालचा बारीक ओरखडा लेसरला फारसा दिसतच नाही. खरी नाजूक बाजू लेबलची. तिथे परावर्तक थरावर लाखेचा पातळसा लेप, बस्स. बॉलपेन दाबून नाव लिहिलं किंवा चिकटवलेलं स्टिकर ओढून काढलं की तो थरच उखडतो. सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले, तर तिथली माहिती गेली. ती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. (डीव्हीडीत माहिती 0.6 मिलिमीटरच्या दोन थरांच्या मधोमध असते, म्हणून तिची वरची बाजू इतकी हळवी नसते.)

बाकी ओरखड्यांसाठी सीडीत मुळातच सोय आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 मध्ये एक पद्धत मांडली: मूळ आकड्यांसोबत त्यांच्यावरून काढलेले काही जादा आकडे साठवायचे. काही आकडे हरवले, तरी उरलेल्यांवरून ते पुन्हा काढता येतात. सीडीवर याच्या जोडीला शेजारशेजारचे बाइट मुद्दाम लांब लांब विखरून लिहितात. त्यामुळे एका ओरखड्याने एकाच तुकड्याचं सगळं जात नाही. अनेक तुकड्यांचं थोडं थोडं जातं आणि ते भरून निघतं. माहिती ज्या गोल गोल फिरणाऱ्या मार्गावर लिहिलेली असते, त्यावरची सलग सुमारे 2.5 मिलिमीटरची खोटही अशी पूर्ण दुरुस्त होते. डेटा सीडीत तर 2048 बाइटच्या प्रत्येक सेक्टरमागे, म्हणजे माहितीच्या ठरावीक तुकड्यामागे, दुरुस्तीसाठी आणखी 276 बाइट असतात.

म्हणूनच ओरखड्याची दिशा महत्त्वाची. मधून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात निसटताच लागतो. गोल जाणारा मात्र मार्गाच्या लांबीनेच धावतो आणि घात करतो. पुसतानाही मऊ कापडाने मधून कडेकडेच पुसावं. पॉलिश करणं हा अगदी शेवटचा उपाय. मधल्या भोकापासून तडा गेला असेल, तर सीडी ड्राइव्हमध्ये घालूच नका. 52एक्स, म्हणजे 52 पट वेगाचा, ड्राइव्ह मिनिटाला 10,000 च्या आसपास फेरे घेतो. त्यात तिच्या ठिकऱ्या उडू शकतात.

आता कॉपी. फाइल ओढून डेस्कटॉपवर टाकायला गेलात, तर पहिल्याच खराब सेक्टरवर गाडी अडते. डीडीरेस्क्यूसारखा मोफत प्रोग्राम आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो, त्यांची नोंद ठेवतो आणि मग फिरून त्यांच्याकडे येतो. ही नोंद फार कामाची. एका ड्राइव्हला न जमलेला सेक्टर दुसरा वाचू शकतो, आणि नोंद हाताशी असली की दुसऱ्याने फक्त राहिलेलंच वाचायचं. हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह तपकीर गल्लीत विचारून पाहा.

इतकं करून कॉपी मिळाली, पण फोल्डर रिकामंच? घाबरू नका. कुठली फाइल कुठे सुरू होते याची यादी बहुधा डिस्कच्या आतल्या भागात, सुरुवातीलाच असते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली, तरी प्रकरणं जागेवर असतात, तसंच हे. फोटोरेक हा प्रोग्राम यादीकडे न बघता फाइलच्या खुणा शोधतो: जेपीईजी फोटो नेहमी एफएफ डी8 एफएफ या बाइटांनी सुरू होतो. सीडीवर फाइल सहसा सलग लिहिलेली असते, त्यामुळे हा शोध हार्डडिस्कपेक्षा इथे जास्त साधतो. फाइलची मूळ नावं तेवढी जातात. कॅमेऱ्याने फोटोतच नोंदवलेली तारीख-वेळ मात्र शाबूत राहते. तिच्यावरून फोटो लावून घेतले, की सीमांतपूजनापासून वरातीपर्यंतचा क्रम पुन्हा जुळतो.