सेन्सर बोलतो किती वेळा, कॉम्प्युटर लिहितो किती वेळा

बेळगाव, विजापूर, बागलकोट या पट्ट्यात ट्रॅक सायकलिंग करणारी पोरं पुष्कळ. एखाद्याच्या सायकलीला पॉवर मीटर, म्हणजे पायांची ताकद मोजणारा सेन्सर लागला आणि तो अँटप्लस या ब्लूटूथसारख्या बिनतारी पद्धतीने आकडे पाठवू लागला की वाद ठरलेला: "अँटप्लस सेकंदाला चारदा आकडा देतो म्हणतात, मग सायकलीवरच्या कॉम्प्युटरच्या फाईलीत एकच का? सेन्सर बोगस आहे की काय?"

बोगस काही नाही. पाठवण्याचा दर वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा. अँटप्लसचा पॉवर मीटर सेकंदाला साधारण चार संदेश सोडतो, ब्लूटूथवर बहुतेकदा एकच. कॉम्प्युटर ते ऐकतो, पण फाईलीत सहसा सेकंदाला एकच ओळ टाकतो. कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रॅक्टर चढला की आकडा हलत राहतो, पावतीवर मात्र एकच छापून येतो, तसंच हे.

मधले संदेश अगदीच वाया जात नाहीत. स्पीड सेन्सर नुसता वेग सांगत नाही. चाकाच्या एकूण फेऱ्या आणि शेवटच्या फेरीची वेळ, तीही सेकंदाच्या 1024व्या भागापर्यंत, तो कळवतो. एखादा संदेश हुकला तरी पुढच्यावरून अंतराचा हिशेब लागतो.

खरी अडचण स्प्रिंटला. पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्रेसनने फ्लाइंग 200 मीटर, म्हणजे आधीच वेग घेऊन मारायचे 200 मीटर, 9.088 सेकंदांत मारलं. सेकंदाला एक ओळ धरली तर अख्ख्या प्रयत्नाच्या जेमतेम नऊ-दहा ओळी, आणि दर ओळीमागे 22 मीटर ट्रॅक सरलेला. 140 कॅडेन्सला, म्हणजे मिनिटाला 140 फेऱ्यांच्या गतीला, पेडलची एक फेरी 0.43 सेकंदात होते, म्हणजे एका ओळीत दोनाहून जास्त फेऱ्या कोंबल्या जातात. चारही संदेश लिहिले तरी फेरीमागे दोनसुद्धा येत नाहीत. डाव्या-उजव्या पायाचा जोर त्यात शोधत बसू नये.

स्टँडिंग स्टार्ट, म्हणजे उभ्या जागेवरून सुटणं, तर आणखी फसवा. बरेच पॉवर मीटर फेरी पूर्ण झाल्यावरच आकडा देतात आणि पहिली फेरी सगळ्यांत संथ. पोराने जीव तोडून लाथ घातलेली असते, ग्राफ शून्यावर. तिथे मोबाईलच्या स्लो मोशनवर माझा जास्त भरवसा. चार किलोमीटरच्या परस्यूटला, म्हणजे पाठलागाच्या लांब शर्यतीला मात्र सेकंदाची नोंद पुरून उरते, उगाच नवीन यंत्राला पैसे घालू नका.

सेटिंगमध्ये 'स्मार्ट रेकॉर्डिंग' असेल तर आधी बंद करा. त्यात कॉम्प्युटर आपल्या मर्जीने ओळी गाळतो. 'दर सेकंदाला' हेच ठेवा.

एवढं करूनही फाईलीत भोकं दिसली तर दोष दोन्ही दरांचा नाही. ट्रॅकच्या शर्यतीत आकडे स्वाराला दिसता कामा नयेत, म्हणून कॉम्प्युटर लपवावा लागतो. काही जण तो जर्सीच्या खिशात घालतात. अँटप्लस काय, ब्लूटूथ काय, दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि पाण्याने भरलेलं माणसाचं अंग तो सिग्नल अडवतं. त्यापेक्षा सीटखालच्या रेल्सना घट्ट बांधा, क्रँककडे, म्हणजे पेडलच्या दांड्याकडे तोंड करून.