शरीरातील चरबीच्या टक्केवारीचा घरगुती अंदाज

शरीराच्या एकूण वजनात चरबीचा वाटा किती, हे सांगणारा आकडा म्हणजे चरबीची टक्केवारी. 70 किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात 14 किलो चरबी असेल, तर ती 20 टक्के झाली. जिवंत माणसाची चरबी काढून काट्यावर ठेवता येत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतही हाती येते ते अनुमानच, आणि घरी काढलेला आकडा म्हणजे त्या अनुमानाचे अनुमान.

बहुतेक सूत्रांचे मूळ पाण्यात आहे. अमेरिकन नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेंकी यांनी 1942 च्या सुमारास माणसांना पाण्याखाली तोलून शरीराची घनता काढली. चरबीची घनता साधारण 0.9 आणि बाकी शरीराची 1.1 (ग्रॅम प्रति घन सेंमी) धरली, की घनतेवरून टक्केवारी निघते: 495 भागिले घनता, वजा 450. हे विल्यम सिरी यांचे समीकरण. स्नायू, हाडे आणि पाणी यांचे प्रमाण सर्वांमध्ये सारखेच असते, असे त्यात गृहीत धरले आहे. ते तसे नसते, आणि चुकांची सुरुवात इथूनच होते.

घरच्या घरी सर्वांत सोपे साधन म्हणजे शिंप्याची मोजपट्टी. हॉजडन आणि बेकेट यांनी 1984 मध्ये अमेरिकन नौदलासाठी बसवलेल्या सूत्रात पुरुषांची उंची, मान आणि बेंबीच्या पातळीवरचा पोटाचा घेर लागतो. स्त्रियांसाठी कंबर सर्वांत बारीक असते तिथे मोजतात आणि नितंबांचा घेरही घेतात. लघुगणकांमुळे (लॉगॅरिदम) हे सूत्र कागदावर किचकट वाटते. वूलकॉट आणि बर्गमन यांचे 2018 चे सूत्र मात्र तोंडी करता येईल इतके सुटसुटीत आहे: उंचीला कंबरेच्या घेराने भागून 20 ने गुणा, येणारी संख्या पुरुषांसाठी 64 मधून, स्त्रियांसाठी 76 मधून वजा करा. यात कंबर नितंबाच्या हाडाच्या अगदी वर मोजतात.

आता 170 सेंमी उंचीचा एक पुरुष घेऊ. मान 38 सेंमी आणि कंबर दोन्ही ठिकाणी 90 सेंमी. नौदलाच्या सूत्राने उत्तर येते सुमारे 21.5 टक्के, दुसऱ्याने 26.2. माणूस तोच, पट्टी तीच, आणि फरक जवळजवळ पाच टक्क्यांचा. पोट आत ओढून कंबर 87 भरवली, तर दुसरे सूत्र लगेच 24.9 दाखवते, म्हणजे श्वास रोखून सव्वा टक्का चरबी ‘घटली’! म्हणून सहज श्वास सोडल्यावर, पट्टी आडवी व कातडीला न रुतवता, तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

चरबी दाखवणारे वजनकाटे तळपायांतून क्षीण विद्युतप्रवाह सोडतात. पाणी धरून असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडतो. पण काटा प्रत्यक्षात मोजतो तो हा अडथळा. टक्केवारी त्यातल्या सूत्राची असते. फक्त पाय टेकवायच्या काट्यात प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो, पोटाचा भाग हिशेबाने भरला जातो. शरीरात पाणी कमी असले, की आकडा फुगतो. व्यायाम करून घामाघूम झाल्यावर काट्यावर उभे राहणे म्हणूनच निरर्थक. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी मोजणे बरे. पेसमेकर बसवलेल्यांनी हे काटे वापरू नयेत.

कॅलिपर नावाच्या चिमट्याने कातडीची घडी मोजतात. जॅक्सन आणि पोलॉक यांच्या तीन घड्यांच्या सूत्रात पुरुषांसाठी छाती, पोट आणि मांडी अशा जागा आहेत. हात बसलेला असेल तर पद्धत चांगली. स्वतःच स्वतःची घडी पकडताना मात्र जागा हमखास सरकते. आरशात पाहून फोटोंशी तुलना करणे हा सर्वांत ढोबळ प्रकार.

दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून ‘घटले की वाढले’ ठरवू नये. महिनाभर त्याच पद्धतीने, त्याच वेळी मोजलेल्या आकड्यांचा कल पाहावा. अर्ध्या-एक टक्क्याच्या चढउतारात अर्थ शोधू नये. शिवाय ही सूत्रे प्रौढांसाठी आहेत. मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर सूज असलेल्या व्यक्तींना ती लावता येत नाहीत.