ओन्सेन म्हणजे पाणी, सेन्तो म्हणजे जागा

जपान फिरून आलेल्या मराठी मंडळींच्या लिखाणात एक वाक्य हमखास सापडतं: ‘ओन्सेन म्हणजे डोंगरातलं महागडं, निसर्गरम्य स्नानगृह आणि सेन्तो म्हणजे शहरातलं साधं, स्वस्त.’ इथे जपानमध्ये राहणारे जुने लोकही नव्याने आलेल्यांना हेच सांगतात. हे साफ चूक आहे. ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणारं गरम किंवा खनिज पाणी, आणि सेन्तो म्हणजे वस्तीतलं सार्वजनिक स्नानगृह. या गैरसमजापायी लोक साध्या नळाच्या गरम पाण्यासाठी भरपूर पैसे मोजतात आणि घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या खऱ्या खनिज पाण्याकडे फिरकतही नाहीत.

ओन्सेनबद्दल फार सांगायला नको. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं पाहिलेल्याला जमिनीतून गरम पाणी येण्याचं नवल नाही, आणि हाकोने, कुसात्सु ही जपानमधल्या गरम झऱ्यांच्या गावांची नावं एव्हाना सगळ्यांच्या कानावरून गेली आहेत. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग हौदात उतरायचं, कपडे अजिबात घालायचे नाहीत, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही: हे नियम दोन्हीकडे सारखेच.

खरी गोम पुढे आहे. ओन्सेन आणि सेन्तो यांची तुलना मुळात एका मापाने होतच नाही. दोन्हींचे कायदे 1948 सालचे, पण विषय निराळे. ओन्सेनचा कायदा पाण्यापुरतं बोलतो. जमिनीतून बाहेर येताना पाणी निदान 25 अंश सेल्सिअस हवं, नाहीतर नेमून दिलेल्या 19 घटकांपैकी एक तरी ठरलेल्या प्रमाणात हवा. दोहोंपैकी एक अट पुरते. म्हणजे पाणी थंड असलं तरी ते कायद्याने ओन्सेन असू शकतं. सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा जागेबद्दल आणि धंद्याबद्दल बोलतो. सेन्तो ही आसपास राहणाऱ्यांच्या रोजच्या आंघोळीची सोय मानली जाते, म्हणून तिथला कमाल दर सरकार प्रांताप्रांतानुसार ठरवून देतं. टोक्योत ऑगस्ट 2024 मध्ये तो मोठ्या माणसाला 550 येन झाला.

तेव्हा ‘ओन्सेन चांगलं की सेन्तो?’ हा प्रश्न ‘विहिरीचं पाणी चांगलं की खानावळ?’ असा आहे. खानावळीत विहिरीचं पाणी असूही शकतं.

आणि असतंच. टोक्योच्या दक्षिणेला ओता वॉर्डात, कामाताच्या आसपास, कितीतरी सेन्तोंच्या हौदात काळसर पाणी दिसतं. त्याला कुरोयु म्हणतात. पुरातन काळी गाडल्या गेलेल्या वनस्पती कुजून हा रंग पाण्यात उतरला आहे. काही हौदांत पाण्याखालचा आपलाच हात दिसत नाही. हे पाणी कायद्याने ओन्सेन आहे आणि जागा कायद्याने सेन्तो. दर तोच, सरकारने बांधून दिलेला. विहिरीतून ते बऱ्याचदा थंडच निघतं, मग तापवून हौदात सोडतात.

उलट बाजू क्युशू बेटावरच्या बेप्पूत दिसते. तिथे ओन्सेन म्हणजे महाग, हे समीकरणच टिकत नाही. गावातल्या सार्वजनिक हौदांत लोक रोजची आंघोळ करतात, तीही अगदी किरकोळ पैशांत. ताकेगावारा हे त्यांतलं नावाजलेलं ठिकाण. आजची लाकडी इमारत 1938 सालची आहे.

मला सगळ्यात खटकतं ते फोटो पाहून निवाडा करणं. खडक, वाफ, वर आकाश, की झालं ओन्सेन! उघड्यावरच्या हौदाला रोतेंबुरो म्हणतात, आणि त्यात नळाचं पाणीही असू शकतं. शहरी हॉटेलांच्या वरच्या मजल्यावर असतो तो दाईयोकुजो, म्हणजे नुसता मोठा हौद. बऱ्याच ठिकाणी पाणी साधंच असतं. आणि ‘जिनको ओन्सेन’ अशी पाटी दिसली तर समजून घ्यावं की पाणी कृत्रिम आहे, कायद्याने ते ओन्सेन नाही.

खात्री करायचा उपाय सोपा आहे. खऱ्या ओन्सेनात पाण्याचं पृथक्करणपत्र लावणं बंधनकारक आहे. बहुधा कपडे बदलायच्या खोलीत ते भिंतीवर असतं, त्यात उगमाचं नाव, तापमान आणि घटक दिलेले असतात. 2004 मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने इथे पाणी पांढरं दिसावं म्हणून त्यात पूड मिसळल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ झाला. पुढच्या वर्षापासून पाणी तापवलंय का, त्यात साधं पाणी घातलंय का, तेच पाणी पुन्हा फिरवलंय का, क्लोरिन टाकलंय का, हेही लिहावं लागतं. जपानी वाचता येत नसेल तर फोनवर भाषांतर करून घेता येईल, पण त्यासाठी तो कागद बाहेर पडल्यावर त्या ठिकाणाच्या संकेतस्थळावर शोधावा. कपडे बदलायच्या खोलीत फोन काढू नये, म्हणजे नयेच.

बाकीचे फरक किरकोळ. भिंतीवर फुजी पर्वताचं चित्र, आंघोळीनंतर काचेच्या बाटलीतलं कॉफी-दूध, ही सेन्तोची ओळख. सुपर सेन्तो, म्हणजे करमणुकीसाठीचं मोठं स्नानगृह, नावात सेन्तो असलं तरी वेगळं प्रकरण आहे. त्याला दराची मर्यादा नाही. गोंदण असेल तर सुपर सेन्तो आणि ओन्सेन-हॉटेलं बऱ्याचदा नकार देतात, गल्लीतल्या सेन्तोत सहसा कुणी अडवत नाही.

इथे राहायचं असेल तर माझा कौल निःसंशय सेन्तोला. 1968 च्या सुमारास देशात सुमारे 18,000 सेन्तो होते, आता 2,000 सुद्धा उरलेले नाहीत, आणि नवे फार क्वचित निघतात. आपल्या भागातलं शोधा, दुपारी तीन-चारच्या सुमाराला उघडतं तेव्हाच जा. पाणी ताजं असतं, गर्दी वयस्करांची असते. साबण-शॅम्पू सोबत न्या, सगळीकडे ठेवलेला नसतो. दारावरचा कापडी पडदा आत घेतलेला दिसला तर त्या वेळी बंद.