मिररलेस घेताना आधी पट्टे मोजा

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, लेन्समधून आलेला उजेड तिरक्या आरशावर आदळून वर डोळ्याकडे जातो. फोटो काढताना आरसा क्षणभर उचलला जातो. व्हिडिओ चालू असेपर्यंत मात्र तो वरच धरून ठेवावा लागतो आणि डोळा लावायच्या खिडकीत अंधार होतो. २००८ साली निकॉन डी-९० आणि कॅनन ५डी मार्क-२ हे डीएसएलआर व्हिडिओ काढू लागले. त्याच वर्षी पॅनासॉनिकने आरसाच काढून टाकलेला, म्हणजे मिररलेस, जी-१ आणला. गंमत म्हणजे त्याच्यावर व्हिडिओची सोय नव्हती, ती पुढच्या वर्षी जीएच-१मध्ये आली.

आरशाची जागा वाचली तशी लेन्स सेन्सरजवळ, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपजवळ, सरकली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायचं कडं) माउंटपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर असायचा, नव्या झेडमध्ये तो १६ मिलिमीटरवर आहे. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बारीक झाली ती अशी. बेळगावातल्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याच्या हातात ती दिली, की ठरलेला प्रश्न येतो, "एवढ्याशा खेळण्यावर लग्न निघतंय काय ओ?"

निघतं. पण फोटो आणि व्हिडिओ दोन्ही एकाच बॉडीवर काढायचे असतील तर जाहिरातीतले मेगापिक्सेल थोडे बाजूला ठेवावेत. ४के व्हिडिओच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जेमतेम ८३ लाख पिक्सेल असतात. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर त्याला पुरून उरतो. खरा प्रश्न तो सेन्सर किती वेगाने वाचला जातो हा आहे, आणि नेमकं तेच खोक्यावर छापलेलं नसतं.

बहुतेक सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाहीत. खानापूरकडे भाताची रोपं ओळीओळीने लावत जातात, तसा सेन्सर वरच्या ओळीपासून खाली वाचला जातो. समजा, या वाचनाला २५ मिलिसेकंद लागतात. लहान, परवडणाऱ्या बॉडीत हा आकडा साधारण याच्या आसपास असतो. आता शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत लाठी फिरवणारा पोरगा चौकटीत घ्या. उभी लाठी चौकटीची निम्मी उंची व्यापत असेल, तर तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या वाचनात साडेबारा मिलिसेकंदांचा फरक पडतो. लाठी सेकंदाला चार मीटर वेगाने आडवी सरकत असली, तर तेवढ्यात ती पाच सेंटीमीटर पुढे गेलेली असते. सरळ लाठी चित्रात तिरकी उमटते. तीच एका टोकाला धरून फिरवली, तर चक्क वाकलेली दिसते. सॉफ्टवेअरने हे नीट दुरुस्त होत नाही.

दुसरी खोड दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची, आणि दर फेऱ्यात ती दोनदा चढते-उतरते, म्हणून स्वस्तातला एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला कळतं. काही ओळी दिवा तेज असताना टिपल्या जातात, काही मंद असताना, आणि चित्रावर आडवे काळपट पट्टे येतात. शटर, म्हणजे ओळीला उजेड मिळायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं, की प्रत्येक ओळीला लुकलुकीचे पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे जातात.

हाच दोष दुकानात मापासारखा वापरता येतो. लुकलुकणाऱ्या साध्या एलईडीच्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा रोखा, ४के व्हिडिओत शटर १/१००० करा आणि चित्र थांबवून काळे पट्टे मोजा. एका पट्ट्यापासून पुढच्यापर्यंत १० मिलिसेकंद. चौकटीच्या उंचीत असे अडीच फेरे बसले तर वाचन २५ मिलिसेकंदांचं, एकच बसला तर दहाचं. चांगल्या प्रतीचा दिवा लुकलुकत नाही, तेव्हा दुकानदाराकडे मुद्दाम हलका बल्ब मागावा लागेल. तो हसेल, हसू दे.

मग तीच चाचणी इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे पडदा न हलवता नुसत्या सेन्सरच्या वाचनावर, फोटो काढून करा. फोटोसाठी सेन्सर बऱ्याचदा अधिक बारकाईने आणि त्यामुळे सावकाश वाचला जातो, म्हणून पट्टे वाढू शकतात. मेकॅनिकल शटर, म्हणजे सेन्सरपुढे सरकणारा खरा पडदा, असेल तर फोटोपुरती ही कटकट बरीच कमी होते. अडचण अशी, की व्हिडिओवाल्यांसाठी काढलेल्या काही छोट्या बॉडींत ते नसतंच. सेन्सर सावकाश आणि मेकॅनिकल शटरही नाही, अशा बॉडीवर फ्लॅश वापरायला फारच कमी वाव उरतो. हळदीला मांडवात फ्लॅशशिवाय ज्यांचं चालत नाही, त्यांनी ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वेगाला मोल आहे. सेन्सरच्या पाठीला मेमरी जोडलेले स्टॅक्ड सेन्सर काही मिलिसेकंदांत वाचून होतात, आणि २०२३मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९-३चा सेन्सर सगळ्या ओळी एकाच वेळी टिपतो. किंमत मात्र लग्नाच्या दोन-चार ऑर्डरींत फिटणारी नाही.

उष्णतेचंही पाहावं. बॉडी लहान, म्हणजे ताप बाहेर टाकायला पृष्ठभाग कमी. त्यात हादरे शोषणारा सेन्सर तरंगता बसवलेला असला, तर ताप बॉडीपर्यंत पोचायची वाटही अरुंद होते. आंबोली-जांबोटीच्या धुक्यात जी बॉडी तासभर चालेल, ती अथणीच्या वैशाखातल्या उन्हात अक्षता पडायच्या आत बंद पडू शकते. स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवली तर थोडा फरक पडतो.

आणि क्रॉप. सेकंदाला ६० चौकटींचं ४के काढताना काही बॉडी सेन्सरचा मधलाच भाग वाचतात. एपीएस-सी या लहान सेन्सरवर १६ मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवरच्या २४सारखं दृश्य देते. वर आणखी दीडपट क्रॉप पडला की ३६, म्हणजे दृश्य आणखी अरुंद. शहापूरच्या गल्लीत चित्ररथ अंगावर आल्यावर मागे सरकायला जागा कुठे असते?

मिरवणुकीत आणखी एक पेच आहे. चित्ररथ जनरेटरवर चालतात. चार पोलच्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. साउंडचा भार पडून ते १४५०वर आलं की ४८.३. मग १/५०वरही फिकट पट्टे हळूहळू सरकत राहतात. काही बॉडींत शटर अपूर्णांकातल्या बारीक पायऱ्यांनी, १/४८.३ किंवा १/५०.२ असं, बसवता येतं. मेनूत ती सोय आहे का, हे पैसे मोजण्याआधी उघडून पाहा.