'विल' की 'गोइंग टू'? 'करीन' आणि 'करणार आहे' यांच्या आधाराने

मराठीत 'कर' या धातूला प्रत्यय लागून 'करीन', 'करशील', 'करेल' अशी भविष्यकाळाची रूपे होतात. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा असा प्रत्ययच नाही; तेथे बहुतेक वेळा बाहेरचा आधार घ्यावा लागतो आणि त्यांपैकी 'विल' व 'गोइंग टू' या दोन आधारांचा गोंधळ सर्वाधिक होतो. रचना अगदी सोपी आहे. 'विल'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते आणि ते कोणत्याही कर्त्याबरोबर बदलत नाही. 'गोइंग टू'आधी कर्त्याप्रमाणे 'ॲम', 'इज' किंवा 'आर' येते आणि नंतर पुन्हा मूळ रूपच. खरा प्रश्न निवडीचा आहे.

निवडीचे उत्तर बऱ्याच अंशी या शब्दांच्या मूळ अर्थात सापडते. 'विल' म्हणजे मुळात 'इच्छिणे', तर 'गोइंग टू' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे निघालेले असणे. त्यामुळे 'गोइंग टू' वापरले की गोष्टीची सुरुवात आधीच झाली आहे, मनात बेत ठरला आहे किंवा डोळ्यांसमोर लक्षणे दिसत आहेत, असे सूचित होते. काळे ढग दाटून आले असताना 'इट इज गोइंग टू रेन' म्हणतात. आपणही अशा वेळी 'आता पाऊस येणार' असेच म्हणतो. समोर कसलेही लक्षण नसताना केवळ अंदाज सांगायचा असेल, तर 'आय थिंक इट विल रेन टुमॉरो', म्हणजे 'मला वाटते, उद्या पाऊस पडेल'.

येथे मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. 'करणार आहे' आणि 'गोइंग टू' यांची जोडी चांगली जमते, इतकी की भूतकाळातही ती सुटत नाही: 'आय वॉज गोइंग टू कॉल यू' म्हणजे 'मी तुम्हाला फोन करणारच होतो'. आपल्या मनातले वाक्य 'करणार आहे' असे असेल, तर बोलताना 'गोइंग टू' घ्यावे. चूक क्वचितच होईल. लेखनात मात्र एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. बातम्या आणि औपचारिक सूचना यांत ठरलेल्या कार्यक्रमासाठीही इंग्रजी 'विल'च वापरते, जिथे मराठी वृत्तपत्र 'करणार आहेत' असे लिहिते.

अडचण आहे ती 'विल'च्या बाजूला, कारण त्याचे काम मराठीत एकट्या 'करीन'ने होत नाही. वचन देताना ते होते: 'आय विल पे यू बॅक', 'मी तुमचे पैसे परत करीन'. पण दारावरची घंटा वाजली आणि उठता उठता आपण बोललो, तर तोंडून 'मी उघडीन' येत नाही, 'थांबा, मी उघडतो' येते. हा निर्णय त्याच क्षणी झालेला असल्यामुळे इंग्रजीत तेथे 'आय विल ओपन इट' हवे. मराठीतला वर्तमानकाळ जसाच्या तसा उचलून 'आय ओपन द डोअर' म्हणणे ही माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चिवट चूक आहे, कारण ती व्याकरणाच्या अज्ञानातून नव्हे, तर मराठीच्या सवयीतून येते. याच प्रसंगी 'आय ॲम गोइंग टू ओपन इट' म्हटले, तर दार उघडायचे आपण आधीच ठरवून बसलो होतो, असे ऐकणाऱ्याला वाटेल.

फोन वाजला आणि 'आईच असेल' असे आपण म्हणालो, तर तेही इंग्रजीत 'दॅट विल बी मदर'. येथे भविष्यकाळ नाहीच, चालू क्षणाबद्दलचा तर्क आहे. 'असेल' आणि 'विल बी' दोन्ही भाषांत हे काम सारखेच करतात.

नकारात मराठी आपल्याला फारशी मदत करत नाही. 'करेल' आणि 'करणार आहे' हा होकारातला भेद नकारात बहुधा 'करणार नाही' या एकाच रूपात विरून जातो. इंग्रजीत दोन्ही नकार वेगळे राहतात. 'ही वोन्ट हेल्प अस' यात तो तयारच नाही, त्याची इच्छाच नाही, असा सूर सहज येतो. 'ही इज नॉट गोइंग टू हेल्प अस' यात त्याच्या बाजूने मदत होण्याची चिन्हे नाहीत, एवढेही असू शकते. 'विल'मधली जुनी इच्छा नकारात इतकी टिकून आहे की ती निर्जीव वस्तूंनाही लागते: अडकलेल्या दाराबद्दल 'द डोअर वोन्ट ओपन' म्हणतात आणि आपण म्हणतो, 'दार उघडतच नाही'.

काही ठिकाणी मात्र 'विल' चालत नाही. 'तो येईल तेव्हा मी सांगेन' या वाक्यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम' असे होते. 'व्हेन' किंवा 'इफ'ने सुरू होणाऱ्या अशा भागात वर्तमानकाळच ठेवायचा आणि 'विल' मुख्य वाक्यापुरते राखायचे.