सुट्टी वेगळी आणि खाडा वेगळा, कितीदा सांगू

परवा गोव्यात फोंड्याला आमच्या तबल्याच्या क्लासमधे एक पोरगा कायद्याच्या (ठरलेल्या बोलांची रचना) दुसऱ्याच पलट्याला (तेच बोल उलटसुलट फिरवून) अडकला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "दादा, काल माझा रेस्ट डे होता." बरं, आणि परवा? परवा पण रेस्ट डे. त्याच्या आदल्या दिवशी? त्या दिवशी मावशीकडे सत्यनारायण होता. हा रेस्ट डे शब्द जिममधून आलाय, आणि आल्यापासून क्लासात कुणाचा खाडा म्हणून पडतच नाही, सगळे रेस्ट घेतात. दुसऱ्या टोकाला आईबाप. पोरगं रविवारी जरा पाय पसरून बसलं की लगेच "रियाजाला खाडा नको हां" सुरू. म्हणजे एकजण खाड्याला सुट्टी म्हणतो, दुसरा सुट्टीला खाडा, आणि मधे मी दर शनिवारी तेच तेच समजावत बसतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

खाडा म्हणजे काय ते सांगायला नको, त्यात आपण सगळेच विशारद. पाहुणे आले, लाईट गेली, वेर्ण्याहून कंपनीची बस उशिरा पोचली, मॅच होती. पावसाळ्यात तर तबलाच उतरलेला असतो, दमट हवेने वरची कातड्याची पुडी सैल, हातोडी मारून मारून सुरात आणायचा आणि दहा मिनिटांत तो परत खाली, शेवटी वैतागून माणूस पिशवीची चेन लावतो. झाला खाडा.

सुट्टीबद्दल लोक जे विचारतात ते सगळं किरकोळ असतं. आठवड्यातून किती? एक पुरे. कुठल्या वारी? कुठल्याही, माझी बुधवारी असते कारण मंगळवारी आमची भजनाची बैठक उशिरापर्यंत चालते. त्या दिवशी ऐकलं तर चालतं का? अरे ऐकाच, कानाला कोणी सुट्टी दिली? टेबलावर बोटं वाजवली तर? वाजवा बाबा, पोलीस येत नाहीत.

आता खरा घोळ. बहुतेकांना वाटतं फरक कारणात आहे. ताप होता म्हणून वाजवलं नाही तर सुट्टी, कंटाळा होता म्हणून वाजवलं नाही तर खाडा. हे चूक आहे. ताप आला तरी तो खाडाच, माफ केलेला खाडा म्हणा हवं तर, त्यात लाज काही नाही, पण सुट्टी नाही ती. आणि अगदी ठणठणीत माणूस बुधवारी हात न लावता मस्त लोळत पडला तर ती सुट्टी असू शकते. कारण काय होतं ते बघायचंच नाही. बघायचं एवढंच की कधी ठरलं. सुट्टी आदल्या रात्री ठरते. खाडा दुसऱ्या दिवशी सापडतो, किंवा त्याच रात्री दात घासताना आठवतो, अरे आज बसलोच नाही.

ह्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती कोणी बोलत नाही. सुट्टीला दोन टोकं असतात. बुधवारी नाही हे जसं ठरलेलं असतं तसं गुरुवारी सकाळी पावणेसहाला बसायचं, तो तिस्र जातीतला (मात्रेचे तीन भाग करणारा) कायदा घ्यायचा, बरोबरीच्या लयीतच घ्यायचा, हेही ठरलेलं असतं. खाड्याला एकच टोक. तो सुरू होतो, संपायचं कधी ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. माझा सगळ्यात मोठा खाडा गणेश चवथीनंतरचा. पाच दिवस वाड्यावर घरोघरी आरत्या, घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) वाजवून बोटं अशी फुटलेली की चहाचा कप धरवेना, म्हटलं दोन दिवस हाताला आराम देऊ. "दोन दिवस" म्हटलं, पण परत कधी बसायचं ते ठरवलं नाही. तबला उघडला तेव्हा दसरा होऊन गेला होता. हात खरंच दुखत होता, कारण शंभर टक्के खरं होतं, तरीही तो खाडाच.

तबलेवाल्यांना तर हे पटकन कळायला पाहिजे कारण आपल्या तालातच हे सगळं आहे. सोळा मात्रांच्या तीनतालाची नववी मात्रा म्हणजे 'खाली', हातावर ताल धरताना तिथे टाळी पडत नाही, तळवा नुसता बाजूला जातो. म्हणून कोणी असं म्हणतं का की नवव्या मात्रेचा खाडा पडला? ती मोजलेली असते. आणि ठेक्यातही बघा, खालीच्या भागात 'धिं धिं' चं 'तिं तिं' होतं, डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताचा, घुमारा थांबतो पण उजवा हात चालूच असतो. माझी बुधवारची सुट्टी अगदी अशी आहे, हात बंद आणि कान चालू. रूपक तालात तर सम, म्हणजे पहिली मात्राच, 'खाली'वर, आवर्तनाची सुरुवातच हात बाजूला नेऊन. आता दमदार तिहाई घ्या, म्हणजे एकच बोल मधे थांबत थांबत तीनदा. दोन पल्ल्यांच्या मधला जो दम आहे तो वाजत नाही पण मोजावा लागतो, आणि तो मोजला म्हणून तिसरा धा समेवर पडतो. दम न मोजता नुसते गप्प राहिलात तर बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही शांतता सारख्याच वाटतील, फरक समेवर कळेल, सगळ्यांसमोर. ज्या गोव्याने लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांसारखा लयीचा उस्ताद दिला तिथल्या पोरांना सुट्टीची एक मात्रा मोजायला सांगावी लागते, काय म्हणावं.

आता भरपाई. हा माझा सगळ्यात नावडता शब्द. खाडा पडला की माणसाला अपराधी वाटतं आणि तो दुसऱ्या दिवशी दुप्पट बसतो. मी हे करून बसलोय. मध्यमेची परीक्षा जवळ आलेली, मधे चार दिवस काहीच झालं नव्हतं, पाचव्या दिवशी रविवार बघून सलग तीन तास धिरधिरचा रेला (वेगाने धावणारे बोल), तोही चढ्या लयीत, कारण चार दिवस भरून काढायचे होते. धिरधिरला सगळा पंजा उजवीडावीकडे झुलतो, मनगट सैल असेल तोवर ठीक, दमलं की ते कडक होतं आणि आपल्याला कळत नाही. संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की ताट सरकवलं. पुढचे पाच आठवडे हाताला पट्टा. चार दिवसांचं पाच आठवड्यांत भरून निघालं म्हणायचं.

आणि काही हुशार लोक तर सुट्टीचीसुद्धा भरपाई करतात. बुधवारी आराम केला म्हणून गुरुवारी दोन तास जास्त. मग बुधवारी नक्की काय केलंत? जी भरून काढावीशी वाटते ती सुट्टी नव्हतीच, तुमच्या डोक्यात तो खाडाच होता. हाच माझा चेक आहे, दुसऱ्या दिवशीचा रियाज नेहमीएवढाच झाला तर काल सुट्टी होती. खाडा पडला असेल तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच बसा, किंवा थोडं कमी, लय दोन पायऱ्या खाली. गेलेला दिवस गेला, तो कुठे बँकेत थकलेला नाही.

ते प्रसिद्ध वाक्य आता कोणीतरी मला ऐकवणार, की एक दिवस रियाज चुकला तर मला कळतं, दोन दिवस चुकला तर जाणकाराला, तीन दिवस तर सगळ्या श्रोत्यांना. हे पियानोवाल्या पॅडेरेव्स्कीच्या नावावर ऐकलंय, व्हायोलिनवाल्या हायफेट्झच्या नावावर ऐकलंय, आणि आपल्याकडे तर प्रत्येक घराण्याच्या एकेका उस्तादाच्या. कोणाचं का असेना, त्यात शब्द "चुकला" आहे. चुकणं वेगळं, ठेवणं वेगळं. दुसरे चिल्लावाले. चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज करायचे मग तुम्ही कसली सुट्टी मागता. अरे पण चाळीसच दिवस ना, त्याला शेवट होता म्हणून तर त्याला चिल्ला म्हणतात. आणि दहा हजार तासवाले तिसरे, तेवढे तास वाजवलं की माणूस तयार म्हणणारे. ज्या 1993 च्या बर्लिनच्या व्हायोलिनवाल्यांच्या अभ्यासावरून तो आकडा पसरला त्यातच हेही आहे की त्यातली चांगली वाजवणारी मुलं एका बैठकीला साधारण सव्वा-दीड तास बसायची, मग ब्रेक, आणि कच्च्या मुलांपेक्षा जास्त झोपायची, दुपारच्या डुलकीसकट. तासांचा आकडा सगळ्यांनी पाठ केला, डुलकी कोणी पाठ केली नाही. गोव्यात तरी करायला हवी होती, दुपारी इथे अर्धी दुकानं बंद असतात.

झोपेचं खोटं नाही, तुम्हालाही अनुभव असेल. रात्री दहा वाजता जो पलटा काही केल्या बसत नाही तो सकाळी आपोआप हातात आलेला असतो. बोटांनी शिकलेला क्रम झोपेत पक्का होतो. मग सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या आत अर्धा तास मिळाला तरी रात्रीच्या दोन तासांपेक्षा बरा, हे माझं मत, क्लासात पटणारे कमी.

अखंडपणाचं म्हणाल तर वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह बघा. नाव सप्ताह, भजन चोवीस तास, आणि त्या चोवीस तासांत एक क्षण खंड पडत नाही. पण गळा एकाच माणसाचा नसतो. मंडळं पाळीपाळीने बसतात, एकाची पाळी संपली की तो बाहेर जाऊन चहा पितो, फेरीत (बाहेरच्या जत्रेच्या बाजारात) फिरतो, आणि दुसरं मंडळ कधी येणार ते आधीच ठरलेलं असतं. भजनाला खाडा नाही आणि माणसाला सुट्टी आहे, दोन्ही एकाच देवळात.

एक गोष्ट घाईघाईत सांगतो कारण ती ह्या दोन्हीत बसत नाही. हात दमणं सकाळपर्यंत जातं. सकाळी उठल्यावरही दुखतंय, मुंग्या येतायत, बोट आपलं आपण वळतंय, तर सुट्टी की खाडा हा वाद बंद करा आणि डॉक्टरकडे जा. लिऑन फ्लायशर म्हणून मोठा पियानिस्ट, 1964 च्या सुमारास उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळायला लागली, त्याने प्रॅक्टिस कमी करायची सोडून वाढवली. पुढची कितीतरी वर्षं तो नुसत्या डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत होता.

माझी पद्धत साधी आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्याच्या चौकोनात आई गॅस कधी लावला, दुधाचा किती खाडा ते लिहिते, त्याच चौकोनात मी पेन्सिलीने रियाजाची मिनिटं लिहितो. मंगळवारी झोपायच्या आधी बुधवारच्या चौकोनात 'सु', आणि गुरुवारच्या चौकोनात काय वाजवायचं त्याचा एक बोल. चौकोन कोरा राहिला तर तो खाडा, तिथे मागाहून काही लिहायचं नाही.

हे त्या पोराला सांगितलं तर तो म्हणतो, दादा, मागाहून 'सु' लिहिलं तर कोणाला कळणार? म्हटलं बघ ना येऊन. जुलैच्या पानावर एका शुक्रवारी एकच 'सु' पेनाने लिहिलेलं आहे.